सम्राट तीन, सम्राट आठ

दुसरा डावही पहिल्यासारखाच चालला आहे हे नवव्या चालीला माझ्या लक्षात आलं. पहिल्यासारखा म्हणजे साधारण तसा नव्हे, तोच. रविवारची दुपार, बदलापूरजवळ बेलवलीतली आमची दोन खोल्यांची जागा, माया आत तांदूळ निवडत बसलेली, आणि मी कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन चौकटी शेजारी-शेजारी उघडून बसलेलो. डावीकडे सम्राट तीन, उजवीकडे सम्राट आठ. दोन्ही बुद्धिबळाचे प्रोग्राम. एक दोन हजार तीन साली घेतलेला, दुसरा आत्ताच्या दिवाळीनंतर, दोन हजार आठला. एकाची चाल मी हाताने दुसऱ्याला द्यायची, दुसऱ्याचं उत्तर परत पहिल्याला, असा मधल्या हमालाचा धंदा मी सकाळपासून करत होतो. पहिल्या डावात पांढरी मोहरी तीनची होती. एकतीस चालींत बरोबरी झाली. दुसऱ्या डावात मी बाजू बदलल्या, पांढरी आठला दिली, आणि आठने डोळे मिटून तीनच्या पावलांवर पावलं टाकली. घोडा तिथेच, उंट तिथेच, विसाव्या चालीला तीच हत्तींची मारामारी. खालच्या कोपऱ्यात कोणाची बाजू किती वरचढ याचा जो आकडा दिसतो तोही तोच, दशांशापर्यंत. एकतिसाव्या चालीला बरोबरी. मी दोन्ही प्रोग्रामच्या फायली उघडून त्यांचा आकार पाहिला. सात आकडी संख्या होती, आणि सातही आकडे जुळत होते. मग तारीख पाहिली. दोन्हींवर दोन हजार दोनचा मार्च होता.

मला ओकारी आल्यासारखं झालं. हे मी शोभेसाठी म्हणत नाही, खरोखरच तोंडात आंबट पाणी आलं. हाताखालचा माउस चिकट होता, सहा वर्षांच्या माझ्याच तळहाताच्या मळाने त्याच्या पाठीवर एक काळपट साय धरली होती, आणि ती मला आज पहिल्यांदा दिसत होती. कीबोर्डच्या फटींत बिस्किटाचा चुरा, केस, नखाचा एक तुकडा. माझाच असणार, दुसरा कोण बसतो इथे? लेक अस्मिता लग्न होऊन पुण्याला गेली, मायाने या यंत्राला कधी बोट लावलं नाही. म्हणजे हा सगळा गाळ माझा होता. मी उठून मोरीत गेलो, हात साबणाने दोनदा धुतले. माया म्हणाली, "काय हो, जिंकला का आठवा?" मी म्हटलं, "बरोबरी." ती म्हणाली, "मग वाईट काय, तुम्ही तर हरताच नेहमी." तिने हे प्रेमानेच म्हटलं. तिचं प्रेमही त्या क्षणी मला सोसेना.

दर दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी उल्हासनगरला कैलासकडे जायचो. कॅम्प तीनच्या बाजारात, पडद्याच्या कापडांच्या दुकानांमागे एका जिन्याखाली त्याचं टेबल आहे. सीडी विकतो, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मूळचा बदलापूर गावातला, आमच्या ओळखीच्या बाळाजी म्हात्रेंचा मुलगा, पण पंधरा वर्षं त्या बाजारात काढून बोलणं अर्धं हिंदी झालेलं. मी विचारायचो, "नवीन आलाय का?" तो म्हणायचा, "आलाय ना काका, बसा." दर वर्षी वेष्टन नवं, त्यावरचा आकडा एकाने वाढलेला. प्रोग्राम उघडला की पहिल्या पडद्यावर एक वर्षी निळा किल्ला, एक वर्षी हिरवा, पुढच्या वर्षी सिंहासन. घरी आणून मी जुना काढून टाकायचो, नवा चढवायचो, आणि वर्षभरात त्याच्याशी मोजून चाळीस डाव खेळायचो. पातळी सहावी, दर डावाला अर्धा तास, पाठ केलेल्या सुरुवाती बंद. मधल्या काळात सगळ्यांनी कॉम्प्युटर बदलले, मी बदलला नाही. मशीन वेगवान झालं की त्याच्या जोरावर जुना प्रोग्रामही जास्त पुढचं पाहतो. मग वाढलं ते मशीन की अक्कल, हे कळणार कसं? मोजमाप शुद्ध राहावं म्हणून मी उन्हाळ्यात धापा टाकणारं ते खोकं तसंच ठेवलं. आणि वहीत लिहीत गेलो. सम्राट तीनशी चाळीस डावांत माझे चौदा गुण. चारशी बारा. पाचशी साडेनऊ, सहाशी सात, सातशी साडेपाच. आठशी आतापर्यंत तेरा डाव झाले होते आणि माझा गुण होता अर्धा.

मी खूश होतो. हे मला आज लिहायला लाज वाटते, पण मी हरत होतो आणि खूश होतो. सम्राट दर वर्षी वाढतोय आणि त्याची वाढ जगात मी एकटा इतक्या काटेकोरपणे मोजतोय, असं मला वाटायचं. अंबरनाथच्या आमच्या बुद्धिबळ मंडळात पैज लागायची. हिंदुराव, म्हणजे मंडळाचा चिटणीस आणि माझा पस्तीस वर्षांचा दोस्त, तो म्हणायचा, "अरे राजेन, हे सगळं जाहिरातबाजी आहे. जुनंच पीठ, नवी पिशवी. प्रोग्राम काय वाढतोय? मशीन फास्ट झालीत एवढंच." मी त्याच्यापुढे वही टाकायचो. चौदा, बारा, साडेनऊ. बघ, मशीन तेच आहे, वेळ तोच आहे, मी तोच आहे. मग काय बदललं? प्रोग्रामच ना? मंडळातल्या माणसांशी मी खेळणंच सोडून दिलं होतं, वेळेचा अपव्यय वाटायचा. पुढच्या रविवारी मंडळाच्या वर्धापनदिनाला माझं व्याख्यान ठेवलं होतं, 'संगणकाची वाढती ताकद: सहा वर्षांचा अभ्यास.' त्यालाच शेवटचा पुरावा म्हणून मी तीन आणि आठला समोरासमोर बसवलं होतं.

मी तोच आहे. हे वाक्य मी सहा वर्षं बोलत होतो, आणि माझा धंदा काय? अंबरनाथच्या एमआयडीसीत एका पंप बनवणाऱ्या कारखान्यात मी तपासनीस आहे. माझ्या टेबलावर गेज असतात. गेज म्हणजे पोलादाचा एक गुळगुळीत दांडा, एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गेलं तर माल बाद. पण हजारो भोकांत जाऊन-येऊन तो दांडाही झिजतो, केसाच्या शंभराव्या भागाने. मग तो खोटं बोलायला लागतो, आणि त्याच्या तोंडावर काही दिसत नाही, तसाच चकचकीत असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी गेजच तपासायला पाठवायचा असतो. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हे शिकवणारा माणूस मी. तीस वर्षं शिकवतोय. आणि मी मशीन बांधून ठेवलं, घड्याळ बांधून ठेवलं, पातळी बांधून ठेवली, आणि झिजणारी एकच वस्तू तेवढी मोकळी सोडली. प्रोग्राम जागचा हलला नव्हता. चौदा, बारा, साडेनऊ, सात, साडेपाच, अर्धा ही माझी उतरण होती. ती मी स्वतःच्या अक्षरात, लाल शाईने अधोरेखित करून, लोकांना दाखवत फिरलो होतो.

माझ्या बापाचं असंच झालं. शंकर कांबळे, काड्यापेटीच्या कारखान्यात युनियनचा माणूस, भाषण करायला उभा राहिला की शेवटच्या बाकावरचा झोपलेला जागा व्हायचा. साठीनंतर त्याचं डोकं हळूहळू गळायला लागलं. एकदम नाही, एकदम झालं असतं तर दया तरी आली असती. एकदा त्याने चहात मीठ घातलं. आईने, रखमाने, सांगितलं, "अहो, साखर नव्हं ती." तो म्हणाला, "माहीत आहे मला." आणि तो खारट चहा आमच्यादेखत शेवटच्या घोटापर्यंत प्याला, मिशी पुसली, म्हणाला, "झकास." मी तेव्हा तिशीतला. मला त्याची दया नाही आली, किळस आली. चहाची नाही, त्या 'झकास'ची. पुढे त्याचे कपडे, त्याचं अंथरूण, सगळं मी केलं, त्यात मला काही वाटलं नाही. पण विसरणं लपवताना तो जो चेहरा करायचा, चतुर, किंचित हसरा, तो मला बघवायचा नाही. तो चेहरा मी मोरीच्या आरशात शोधला. सापडला नाही. पण तो चेहरा स्वतःला दिसत नसतोच, बापाला कुठे दिसत होता?

सोमवारी पाळी सुटल्यावर मी उल्हासनगरला गेलो. नाल्याचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं, कापड रंगवणाऱ्यांनी सोडलेलं, आणि वास असा की जीभ टाळूला चिकटावी. लोक नाकाला रुमाल न लावता पुलावरून चालले होते, एक बाई कठड्याला टेकून सीताफळ खात होती. बाजारात शिरल्यावर मला प्रत्येक वस्तूचा संशय यायला लागला. घड्याळं, शॅम्पू, बुटांच्या जोड्या, सगळ्यांवर नवं साल, नवा आकडा. कैलास एका सिंधी गिऱ्हाइकाला म्हणत होता, "साईं, दो मिनिट, ये काका को देखता हूँ." मला म्हणाला, "काका? आता कसे काय, या वर्षीचा तर घेऊन गेलात." मी दोन्ही सीडी टेबलावर ठेवल्या. म्हटलं, "कैलास, ह्या दोन्ही एकच आहेत." मला वाटलं होतं तो नाकबूल करेल, भांडण होईल, मला ओरडता येईल. तो म्हणाला, "हां मग. एकच आहे."

"एकच आहे म्हणजे?"

"काका, दुसरा कुठून येणार? बुद्धिबळाचा माल इथे कोण मागतो? पूर्ण मार्केटमध्ये तुम्ही एकटे. पहिला एक आला होता, तो तुम्हाला दिला. पुढच्या वर्षी तुम्ही आलात, एवढ्या उन्हातून, नवीन आहे का म्हणून. तुम्हाला नाही म्हणवेना मला. मग वरचा फोटो चेंज केला, नंबर टाकला. इथे सगळे करतात, माल तोच, साल नवं. मला वाटलं दोन दिवसांत येऊन शिव्या घालाल."

"मग?"

"मग काय! तुम्ही आठ दिवसांनी आलात आणि बोललात, कैलास, ह्या वेळचा लय भारी आहे, मागच्यापेक्षा डेंजर खेळतो. मी बोललो असेल बाबा. पुढच्या वर्षी परत तेच. तुम्ही एवढे हुशार माणूस, वहीत लिहिता-बिहिता. खरं सांगू काका, तीन-चार वर्षांनी मलाच वाटायला लागलं, साला काहीतरी होत असेल आतमध्ये."

तो हसला नाही, ते फार वाईट झालं. त्याच्या डोळ्यांत खरोखरचा आदर होता. त्याला चापट मारायला उचललेला माझा हात मनातच राहिला, कारण फसवणूक त्याने एका आकड्याची केली होती. बाकीची मी केली होती. मी विचारलं, "खरा नवा मिळेल? ह्याच वर्षाचा?" तो म्हणाला, "आता नेटवर सगळं मिळतं. उद्या या. पैसे नका देऊ." मी पैसे दिले. त्याची मेहेरबानी घेऊन पुलावरून परत जाणं मला जमलं नसतं.

पुढचे चार दिवस मी कामावरून आलो की खऱ्या नव्याला त्या सम्राटाशी लढवत होतो. माझी इच्छा काय होती ती लपवून उपयोग नाही. हिंदुराव खरा ठरावा असं मला वाटत होतं. जगातला कुठलाच प्रोग्राम वाढत नाही, सगळेच जुने, नुसते फोटो बदललेले, असं निघालं असतं तर निदान फसलेला मी एकटा ठरलो नसतो. मशीन तेच, धापा टाकणारं. वेळ तोच. दहा डाव झाले. नव्याने नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. आणि जिंकत तरी कसा होता! सम्राट मोहरी मारायला धावायचा आणि हा त्याला मारू द्यायचा, प्यादं दे, घोडा दे, आणि पंधरा चालींनी सम्राटाच्या राजाला श्वास घ्यायला जागा उरायची नाही. मी चाली इकडून तिकडे वाहत होतो आणि मला त्या कळत नव्हत्या. पाच-सात वर्षांत कुठल्यातरी लांबच्या शहरांत न पाहिलेल्या माणसांनी हे खरंच वाढवलं होतं. सहा वर्षं मी जे म्हणत आलो ते अगदी खरं होतं. माझ्या वहीवरून मी जेवढी वाढ सांगितली असती, त्याच्या आसपासच हा आकडाही येत होता. निष्कर्ष बरोबर आणि पुरावा सडका. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. मायाने विचारलं, "मग तुमचंच खरं निघालं ना?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग तोंड का असं, कारलं खाल्ल्यागत?" मी पेला विसळून पालथा घातला. तिला सांगितलं असतं तर ती माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली असती, चहात काय घालतो तिकडे लक्ष ठेवून.

रविवारी मंडळात पन्नासेक माणसं होती. मी व्याख्यानातून वही काढून टाकली आणि नुसते ते दहा डाव सांगितले. एकही वाक्य खोटं नव्हतं. फळ्यावर सम्राट आणि नव्याच्या डावातली एक स्थिती मांडून दाखवली, लोकांनी 'अरे बापरे' म्हटलं, शाल आणि नारळ मिळाला. माझ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, म्हणजे मी वाचलो. इतक्या सफाईने वाचलो याचीच मला घाण वाटत होती, शाल मानेला टोचत होती. लोक पांगल्यावर हिंदुराव जवळ आला. "हरलो बाबा मी, मान्य. पण ते तुझे चाळीस-चाळीस डाव का नाही सांगितलेस?" मी म्हटलं, "ते शास्त्रीय नाही. माणूस मध्ये आला की मोजमाप बिघडतं." तो म्हणाला, "हे आता सुचलं होय तुला? चल, एक डाव टाकू. सहा वर्षांत माझ्याशी बसला नाहीस."

मला हेच हवं होतं. त्याने म्हणायच्या आधीच मला ते हवं होतं. सहा वर्षांपूर्वी मी हिंदुरावला दहातले सात डाव हरवायचो. आता माणसाशी बसलो की खरं काय ते कळेल, यंत्राची भानगड नको. त्याने कपाटातून मंडळाचा जुना प्लायवूडचा पट काढला, टेबलावर टाकला, आणि आम्ही गप्पा मारत मोहरी मांडली. मला पांढरी आली. मी पहिल्यांदा सावध खेळलो, प्रत्येक चालीला स्वतःला विचारत, हे दिसतंय का तुला, ते दिसतंय का. आणि दिसत होतं! दहाव्या चालीनंतर डोकं साफ झालं, हात आपोआप जायला लागला, एक उंट मी असा जपला आणि असा मोक्याला काढला की हिंदुराव म्हणाला, "आई शपथ." चौतिसाव्या चालीला त्याने राजा आडवा केला. इतका आनंद मला अस्मिता झाली तेव्हाही झाला नसेल. मग कुठे गेली उतरण? त्या वहीत काहीतरी दुसरं असेल, यंत्रासमोर माणूस कंटाळतो, घाबरतो, काहीही असेल. मी बरा होतो. "चहा सांगून येतो," हिंदुराव उठला, "आणि दुसरा डाव मांड. सोडत नाही तुला."

मी मोहरी मांडायला घेतली. हत्ती, घोडे, उंट, मधोमध राजा, त्याच्या डाव्या हाताला पांढरा वजीर. वजीर ठेवला आणि बोटं त्याच्यावरच राहिली. पांढरा वजीर काळ्या घरात उभा होता. मी उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं. काळं घर. सातव्या वर्षी बापाने पहिली गोष्ट शिकवली होती ती ही, उजव्या हाताला पांढरं घर आलं पाहिजे. मंडळात येणाऱ्या शेंबड्या पोरालाही चुकलं तर दिसतं. पडद्यावर पट मांडावा लागत नाही, तो आपोआप नीट येतो. हिंदुरावने पट आडवा टाकला होता, आम्ही दोघांनी त्याच्यावर सोळा-सोळा मोहरी मांडली होती, आणि पाऊण तास, चौतीस चाली, मी डोळे फाडून बघत होतो. पांढऱ्या घरांवरचा उंट म्हणून जो मी जपत आलो तो पहिल्यापासून काळ्या घरांवरून चालला होता.

खालून हिंदुरावचा आवाज येत होता, दोन कटिंग सांगत होता. मी दाराकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी पट उचलला, घाईत पाच-सहा मोहरी टेबलाखाली गेली, ती गुडघे टेकून गोळा केली, पट पाव फिरवून ठेवला आणि सगळं पुन्हा मांडलं. वजीर पांढऱ्या घरात उभा केला तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. हिंदुराव आला, ग्लास टेबलावर ठेवले, खुर्ची ओढली आणि पटाकडे नीट, कौतुकाने बघितलं. त्याला काही दिसलं नाही.

"एक सांगू राजेन," तो म्हणाला, "सगळं बदललं. तुझा खेळ मात्र आहे तिथेच आहे."

"माहीत आहे मला," मी म्हटलं, आणि मिशी पुसली.